अडीचशेच्या रेघेपर्यंत

मी बोलतेय. कोण, ते ऐकून हसाल, पण हसलात तरी चालेल. मी तान्ह्या बाळाची दुधाची बाटली आहे, आणि सध्या माझ्यातून पाणी पिते ती एकतीस वर्षांची बाई. ज्या बाळासाठी मला आणलं ते आता पाच वर्षांचं झालंय, आणि त्याला मी परत हवी आहे. त्यामुळे घरात रोज माझ्यावरून खेचाखेची. एवढा मान किती बाटल्यांना मिळतो?

माझा जन्म यंत्रात झाला. साच्यात शिरले तेव्हा मी नुसता गरम रस होते, बाहेर पडले ती गोल पोट घेऊनच. मग एका बाईने माझ्या अंगावर हिरव्या रेघा उठवल्या. पन्नास, शंभर, दीडशे, दोनशे, अडीचशे. काम करता करता ती शेजारणीशी भावाच्या लग्नाचं बोलत होती, पण तिचा हात काही हलला नाही. माझी एक रेघ वाकडी नाही. मला रूप नाही, पण माप आहे. ते त्या बाईने दिलं.

औषधाच्या दुकानात मी फळीवर दीड महिना उभी होते. एक दिवस ग्रीसच्या वासाचा एक माणूस घाईघाईने आला. लिफ्ट दुरुस्त करणं हे त्याचं काम. "बाटली द्या," म्हणाला. "केवढी?" विचारल्यावर त्याने दोन्ही हात असे काही पसरले की दुकानदार म्हणाला, "अहो, बाळाला पाजायचंय की बैलाला?" माणूस लाजला. मला शर्टाच्या आत धरून त्याने घरी नेलं. लोकांच्या लिफ्टा चालू करणारा हा माणूस स्वतः तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि त्या इमारतीला लिफ्ट नाही. त्याची बायको त्याला अजून यावरून चिडवते.

ती बायको म्हणजे माझी बाई. शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात कॉलर लावायची. दिवसाला दोनशे कॉलर. बाळ चार महिन्यांचं झालं आणि ती कामावर परत गेली. मग बाळ, मी आणि आजी असे तिघे दिवसभर घरी.

आजी म्हणजे बाईची सासू. हाताला खरखरीत, मनाने लोण्यासारखी, आणि डॉक्टरपेक्षा स्वतःवर जास्त विश्वास. डब्यातल्या पावडरचं दूध करायचं. डब्यावर लिहिलेलं असायचं, इतके चमचे, अमुक रेघेपर्यंत पाणी. बाई सकाळी तसंच करून ठेवायची. ती जिना उतरली की आजी बाटली उजेडात धरायची आणि म्हणायची, "केवढं घट्ट! एवढुशा पोटाला जड नाही का व्हायचं?" मग अर्धं दूध वाटीत काढून माझ्यात पाणी ओतायची. अगदी रेघेपर्यंत. वाटीतलं दूध पुढच्या वेळेला, पुन्हा पाणी घालून.

माझी रेघ बरोबर होती. आत काय आहे, ते रेघ सांगत नाही. हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

बाळाचं वजन वाढेना. दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, "दूध कमी पडतंय का?" बाई घाबरून गेली. ती तशीही घाबरटच. बाळ शिंकलं तरी तिचा जीव वर-खाली. दुसऱ्या दिवसापासून आजीने पाणी घालणं बंद केलं, कुणाला एक शब्द न सांगता. वजन वाढलं. ही गोष्ट फक्त दोघींना ठाऊक, तिला आणि मला.

बाळ चालायला लागलं, मग पळायला. एका जागी बसेचना, म्हणून नाव पडलं भिंगरी. भिंगरी पेल्याने प्यायला लागली आणि माझं काम संपलं. माझं बूच कुठेतरी हरवलं, चोखायचा रबर तिने चावून ठेवला होताच. बाईने मला टाकलं नाही. जुने स्वेटर, खुळखुळा आणि मी, असे एका खोक्यात घालून माळ्यावर ठेवले. जाताना तिने माझ्यावर हात फिरवला. मी काय ते समजले.

माळ्यावर अडीच वर्षं काढली. तिथून दिसत काही नाही, ऐकू मात्र सगळं येतं. शिलाईचे पैसे वाढले ते ऐकलं. आजीला रक्तदाबाचा त्रास निघाला, डॉक्टरांनी मीठ तोडलं, ते ऐकलं. "अळणी खाऊन जगायचं म्हणजे कागद चावून जगायचं," असं ती रोज दोन्ही जेवणांना म्हणायची.

मग एकदा घरात सगळ्यांना ताप आला. सगळ्यांचा उतरला. बाईचाही उतरला, पण ती उठली नाही. आठवडा झाला, महिना झाला, सहा महिने झाले. कॉलरचं मशीन दुसरीला दिलं गेलं. खाली कुणी शेजारीण यायची आणि म्हणायची, "झोपून झोपून अंग जडावतं गं. जरा हिंडलं-फिरलं की बरं वाटेल." बाई हिंडायची, फिरायची आणि मग तीन-तीन दिवस पडून राहायची. केस विंचरायलाही हात वर धरवत नाही, म्हणायची. एकदा तिने नवऱ्याला विचारलेलं मी ऐकलं, "अहो, मी आळशी झालेय का हो?"

तो म्हणाला, "लिफ्ट बंद पडली की लोक दारावर लाथा मारतात. मोटरीत बिघाड असतो, दाराला काय कळतंय? तू लाथा मारणाऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस."

शेवटी एका डॉक्टरबाईंनी आजाराला नाव दिलं. कायमच्या थकव्याचा आजार. गोळी देऊन जाईल असा नाही, सांभाळून राहायचा. आणि रक्त तपासल्यावर आणखी एक निघालं, अंगातले क्षार कमी झालेले. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधार, पोटऱ्यांत गोळे, छातीत धडधड, ते बरंचसं त्याच्यामुळे. "आधीच तुमच्याकडे दिवसाला मूठभर ताकद," डॉक्टरबाई म्हणाल्या, "त्यात क्षार कमी, म्हणजे मुठीला भोक." क्षारांची पुडी दिली, एक पुडी बरोबर एक लिटर पाण्यात. दिवसातून चार वेळा, पाव-पाव लिटर. "अंदाजाने नाही. जास्त नको, कमी नको. आणि साधं पाणी तहानेपुरतंच. उगाच तांबे रिचवू नका, त्यानेही क्षार पातळ होतात."

हे मी ऐकलं कसं? घरी येऊन बाईने ते शब्दन् शब्द तीनदा सांगितलं, म्हणून.

आता घरात पाव लिटर मोजायला काय? पेले तीन, तिन्ही वेगळ्या मापाचे. नवरा म्हणाला, "आपल्या भिंगरीची बाटली होती की!" स्टुलावर चढला, खोकं काढलं, आणि मी अडीच वर्षांनी उजेडात आले. शंभरची रेघ पुसट झाली होती, अडीचशेचीही पहिल्याएवढी ठळक नव्हती. त्याने आपल्या कामाच्या पिशवीतून तारेला गुंडाळायची लाल चिकटपट्टी काढली आणि अडीचशेच्या रेघेवर बरोबर फिरवली. दुसऱ्या कुठल्यातरी डब्याचं झाकण मला बसलं. झाले मी तयार.

भिंगरीने मला पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले. "ही माझी आहे."

"थोडे दिवस मला देशील?" बाईने विचारलं.

भिंगरीने विचार केला. "आई, तू बाळ आहेस का?"

"सध्या आहे."

"मग मी पाजणार."

आणि खरंच तिनेच पाजायला सुरुवात केली. सकाळी बाई स्टीलच्या बरणीत माझ्या मापाने चार बाटल्या पाणी घेई, पुडी फोडून घाली, ढवळे. मग दिवसभरात चार वेळा भिंगरी मला बरणीतून भरून आणे, लाल पट्टीपर्यंत, जीभ बाहेर काढून. पहिल्या दिवशी सिस्टरने तिला एक गंमत सांगितली होती. पुडीचं पाणी चाखून बघायचं, ते डोळ्यांतल्या पाण्याइतकंच खारट लागलं पाहिजे. त्याहून खारट नको. भिंगरीला हे फारच आवडलं. तिला रडायला कारण लागत नाही, त्यामुळे डोळ्यांतलं पाणी कायम तयार. गुडघा खरचटला की आधी गालावरचा थेंब चाटायची, मग माझ्यातला एक घोट घ्यायची, आणि रडता रडता जाहीर करायची, "बरोबर आहे!"

दोन आठवडे असे गेले. बाई पलंगावर बसून गणवेशाची बटणं लावू लागली, दिवसाला दहा. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, दमल्यावर थांबू नका, दमायच्या आधी थांबा. अकरावं बटण लावायचा तिला फार मोह व्हायचा. तेव्हा भिंगरी सुई काढून घ्यायची.

मग एक फोन आला.

नवऱ्याची थोरली बहीण, म्हणजे भिंगरीची आत्या, दुसऱ्या गावी राहते. स्वभावाने सरळ, आवाजाने मोठी. फोनमधलं तिचं बोलणं पलंगापर्यंत ऐकू येतं. "शाळा सुरू व्हायला पाच आठवडे राहिलेत," ती म्हणाली. "भिंगरीची आई जिना उतरू शकत नाही, आपल्या आईचं वय झालं, तू दिवसभर बाहेर. पोरीला शाळेत सोडणार कोण, आणणार कोण? वर्षभर माझ्याकडे राहू दे. माझी शाळा घरासमोर आहे. मी काही तिला खाणार नाही."

तिचं म्हणणं चूक नव्हतं. तीच तर अडचण होती.

शेवटी ठरलं, तीन आठवड्यांनी बाईचं रक्त पुन्हा तपासायचं. क्षारांचा आकडा वर आला, अंगात थोडी ताकद आली तर भिंगरी इथेच. नाहीतर आत्याकडे. त्या दिवसापासून बाई मला दोन्ही हातांनी धरून पिऊ लागली. घोट घेताना डोळे मिटायची. तोंड वाकडं व्हायचं, पण एक थेंब सोडायची नाही. माप कमी पडेल म्हणून भिंगरीचा चाखायचा घोटही तिने बंद केला.

ते वाकडं तोंड आजी बघत होती.

दुपारची वेळ. बाई झोपलेली, भिंगरी शेजारी खेळायला गेलेली. आजी स्वयंपाकघरात आली, बरणीचं झाकण उघडलं, बोट बुडवून चाखलं. वर्षभर अळणी खाणाऱ्या त्या जिभेला ते पाणी समुद्रासारखं लागलं असणार. "अगं बाई!" ती स्वतःशीच म्हणाली. "एवढं मीठ! मला चिमूटभराने गरगरतं, ही पोर तर वाळलेली काडी. रक्त जाळेल हे." मग तिने मला उचललं. नळाखाली धरलं. लाल पट्टीपर्यंत भरलं आणि बरणीत ओतलं. पुन्हा भरलं, पुन्हा ओतलं. चार वेळा.

तेच हात होते. पाच वर्षांपूर्वीचे.

मी ओरडू शकले असते तर तिसऱ्या मजल्यावरून खालच्या चौकापर्यंत ऐकू गेलं असतं. पण बाटलीला काय, जे भरतील ते भरून घ्यायचं. आणि वाईट याचं वाटलं, की तिने मोजलंही मलाच घेऊन.

त्या दिवसापासून हे रोज सुरू झालं. बाई चार बाटल्या प्यायची आणि समजायची, लिटर संपला. उरलेलं पाणी आजी संध्याकाळी बरणी घासताना ओतून द्यायची. वर प्रेमाने म्हणायची, "पोरी, साधं पाणीही घे गं अधूनमधून, म्हणजे खारट धुऊन निघेल." बाईला डॉक्टरबाईंचं बोलणं आठवायचं, पण सासू एवढी पेला घेऊन उभी, तिचं मन कसं मोडायचं? चव बदललेली तिला कळली नाही का? कळली. तिला वाटलं, सवय झाली.

दिवसाला दहा बटणांची सहा झाली. मग दोन. पोटऱ्यांत गोळे परत आले. एकदा तिने चष्म्याचं घर उघडून त्यात सुईदोरा शोधला आणि बराच वेळ शोधत राहिली. डोकं दुखायचं, मळमळायचं. "अहो, मी सगळं रेघ बघून घेतेय," ती नवऱ्याला सांगायची. "रेघेच्या खाली नाही, वर नाही. मग असं का?" तो मला उजेडात धरून बघायचा. पट्टी जागेवर होती.

रक्ताचा आकडा आला. मागच्यापेक्षा खाली. डॉक्टरबाईंनी फोनवर विचारलं, "नक्की घेताय ना?" आणि म्हणाल्या, सोमवारी सकाळी पहिल्या नंबरला या, बहुतेक दाखल व्हावं लागेल. चक्कर वाढली, बोलणं अडखळलं तर सोमवारची वाट बघू नका.

शनिवारी आत्या आली. मोठी पिशवी, मोठा आवाज. पण पलंगावर बाईला बघून आवाज खाली आला. "काय गं हे? पार चिपाड झालीस."

"ताई, मी सगळं वेळेवर घेत होते."

"तुझी चूक कोण म्हणतंय? तू दवाखान्यात जा, बरी हो. पोरीची काळजी करू नकोस."

बाई स्वतः उठून भिंगरीचे फ्रॉक घड्या करायला बसली. एक घडी घालायची आणि थांबायची. प्रत्येक फ्रॉकच्या खिशात काहीतरी ठेवत होती, एक बटण, चॉकलेटचा कागद, स्वतःची केसांची पिन. "रात्री हिला पांघरूण राहत नाही, ताई. आणि दुधावरची साय दिसली तर पीत नाही. आणि जिना उतरताना उजवीकडचा हात धरायचा, डावा नाही, डावा ती सोडवते." सांगून संपेना.

भिंगरी दारात उभी होती. आधी ओठ काढला, मग नाक लाल झालं, आणि मग तिने जो सूर लावला, तो मला दुधाच्या दिवसांपासून पाठ आहे. आत्याने तिला मांडीवर ओढलं. "उगी, उगी. पाणी पी थोडं." जवळ मीच होते, भरलेली. आत्याने मला तिच्या तोंडाला लावलं.

एक घोट. भिंगरीचं रडणं टपकन थांबलं. तिने गालावरून जीभ फिरवली. पुन्हा माझा एक घोट घेतला. पुन्हा गाल चाटला.

"हे आईचं पाणी नाहीये," ती म्हणाली.

"आईचंच आहे गं, बरणीतलं," नवरा म्हणाला.

"नाहीये! सिस्टर म्हणाल्या डोळ्यांसारखं लागलं पाहिजे. हे नळासारखं लागतंय. हे खोटं पाणी आहे. बाबा, तू चाटून बघ."

"काय चाटू?"

"माझा गाल!"

नवऱ्याने खरंच लेकीचा गाल चाखला, मग मला. मग तो सरळ उभा राहिला. स्वयंपाकघरात गेला आणि बरणी घेऊन आला. सकाळी चार बाटल्यांची भरलेली बरणी, दोन संपलेल्या. उरायला हवं होतं अर्धं. बरणीत मात्र सकाळपेक्षाही जास्त पाणी. "ही कोणी भरली?"

आजी दारात हात पुसत उभी होती. कोरडेच हात पुसत होती.

"मी," ती म्हणाली. "पाणी मी घालते. रोज. किती खारट असतं रे ते! मला वाटलं, माझ्यासारखं हिचंही डोकं फिरेल. मला वाटलं, पातळ केलं की सोसेल." मग तिने माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांनी. "भिंगरीच्या दुधातही मीच घालत होते. वजन वाढत नव्हतं ना, ते माझ्यामुळे. तेव्हा कळलं होतं मला. तरी पुन्हा केलं."

आत्याने तोंड उघडलं होतं, फटकारायलाच. पण त्याआधी बाई बोलली. तिचा आवाज बारीक होता, तरी सगळ्यांनी ऐकला.

"आई, इकडे या."

आजी आली. बाईने तिचा ओला नसलेला हात हातात घेतला. "मी वेडी झाले होते हो. मला वाटलं, माझ्याच अंगाला काही लागत नाही. मीच नासकी आहे." आणि ती हसली. रडली पण, दोन्ही एकदम. "म्हणजे मी बिघडले नव्हते. पाणी बिघडलं होतं."

भिंगरी लगेच पुढे सरकली आणि आईचा गाल चाटला. "हे बरोबर आहे," म्हणाली.

मग काय? डॉक्टरबाईंना त्याच वेळी फोन लावला. त्या आधी चिडल्या, मग म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता घेऊन या. दोन दिवस दवाखान्यात काढले, हळूहळू, मोजून आकडा वर आणला. एकदम चढवायचा नसतो म्हणे, तेही वाईट. मला सोबत नेलं होतं. आजी बाकावर मला मांडीवर घेऊन बसली होती, आणि सिस्टरने तिला समजावलं, "तुम्हाला मीठ तोडलंय ते तुमच्या रक्तदाबासाठी. हिला दिलंय ते हिच्या रक्तासाठी. एकीचं औषध दुसरीच्या मापाने नाही." आजी म्हणाली, "हे आधी कुणी सांगितलं असतं तर!" सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही विचारलं कुठे?"

आत्याने पिशवी उचलली नाही. शाळा सुरू होईपर्यंत दोन आठवडे राहिली, स्वयंपाक केला, मोठ्याने बोलली. आणि बरणीच्या झाकणावर लाल चिकटपट्टीने एक फुली मारली. "आई, ही फुली तुझ्यासाठी."

शाळेच्या पहिल्या दिवशी नवऱ्याने प्रत्येक मजल्यावर एक घडीचं स्टूल मांडून ठेवलं. बाई उतरली. एक जिना, बसायचं. दुसरा जिना, बसायचं. प्रत्येक स्टुलावर भिंगरी मला पुढे करी आणि ती एक-एक घोट घेई. शाळा दोन गल्ल्या सोडून, तिथवर नवऱ्याच्या मागे गाडीवर. फाटकापाशी भिंगरीने आपला उजवा हात आईच्या हातातून सोडवला आणि मागे न बघता आत पळाली. भिंगरीच ती. बाई फाटकाला धरून थोडा वेळ उभी राहिली. आपल्या पायांवर.

पुढचे दोन दिवस ती पलंगावरच होती. तो आजार गेलेला नाही, जाणारही नाही बहुतेक. आता सोडायला-आणायला आजी जाते, आत्याने दोन आठवडे शिकवलेल्या रस्त्याने, आणि आठवड्यातून एकदा, बरा दिवस असेल तर, बाई जाते. आकडा महिन्याने तपासतात. बटणं दिवसाला बारा. तेरावं नाही.

माझं म्हणाल तर मी पिवळी पडलेय. बुडाला एक चीर गेलीय, केसाएवढी. नवरा म्हणाला, नवी आणू या. भिंगरी नको म्हणाली, आजी त्याहून मोठ्याने नको म्हणाली. पण चीर वाढतेय, मला कळतं. एक दिवस थेंब गळेल आणि माप चुकेल, आणि मापच चुकलं तर मी या घरात कशाला? त्या दिवशी मला आनंदाने फेकून द्या. फक्त लाल पट्टी काढून नव्या बाटलीला लावा, बरोबर रेघेवर.

आणि एक सांगते, घराघरातल्या आज्यांना, आत्यांना, नवऱ्यांना. आजारी माणसाला तुम्ही प्रेमाने जे काही देता, त्यात आपल्या मनाचं थोडं घालायला हात सरसावतो. घालण्याआधी एकदा विचारा. ज्याच्या तोंडात जाणार आहे त्याला विचारा, ज्याने लिहून दिलंय त्याला विचारा. आमची आजी आता विचारते. रोज सकाळी बाई बरणी ढवळते, आजी शेजारी उभी राहते, हात पाठीमागे बांधून, आणि भिंगरीला हाक मारते.

"ये गं, चाखून बघ. आज रडलीस का नाही अजून?"